अहिरे मॅडम आणि शेजारचा शॉकअप

अहिरे मॅडमना राग येत नसे. ज्यांना येतो त्यांचं एका अर्थी बरं असतं. राग येतो, दोन भांडी आपटतो आणि निघून जातो. मॅडमच्या मनात एखाद्याबद्दल काही बसलं की ते तिथेच मुक्कामाला राहायचं, आणि मॅडम त्याची नीट देखभाल करायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, सोडून द्या ना मॅडम. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी इसरत नै. इसरनं मना सभावमा नै शे." विसरणं माझ्या स्वभावातच नाही. एरवी त्या चारचौघींसारखं मराठी बोलायच्या, पण असा विषय निघाला की सटाण्याकडचं माहेर वर यायचं.

सातपूरला आमच्या गल्लीत सहा रो-हाउस होती. पहिलं आमचं, दुसरं मॅडमचं आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून निकमसाहेबांचं. मी एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला, आणि मॅडम आयटीआयमधून निवृत्त झालेल्या. तिथे त्या मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिकवत. साडी नेसून, पदर कमरेला खोचून त्या गाडीखाली जात आणि बाहेर आल्या की पदर परत जिथल्या तिथे असे. निवृत्तीनंतरही त्यांच्या नखांच्या कडांतलं काळं गेलं नव्हतं. मला वाटतं त्यांनी ते घासून काढायचा प्रयत्नच केला नाही.

त्यांच्या पर्समध्ये रुमाल, बसचा पास आणि दहा-अकराचा पाना असायचा. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या की वाण घेण्याआधी त्यांचा हात त्या घराच्या कडीवरून फिरायचा. कडी हलली की पाना बाहेर. यजमानीण कुंकवाचा करंडा घेऊन उभी, आणि मॅडम दाराशी वाकून नट आवळतायत, हे दृश्य आमच्या गल्लीला पाठ होतं. घरी येऊन त्या भाऊसाहेबांना, म्हणजे आपल्या यजमानांना, कुणाच्या घरात काय ढिलं आहे ते सांगत. भाऊसाहेब हसत. फार मवाळ माणूस. त्यांच्या अंगणात शेवगा होता, शेंगा आल्या की ते स्वतः जुड्या बांधून घरोघर द्यायचे. निकमसाहेबांच्या घरी सगळ्यात लांब शेंगा जायच्या, कारण झाड तिकडेच झुकलेलं होतं.

मॅडमच्या स्वभावाचा पुरावा म्हणून आयटीआयच्या स्टोअरकीपरची गोष्ट पुरेशी आहे. मॅडम नोकरीवर रुजू झाल्या त्या दिवशी त्याने चारचौघांत विचारलं होतं की बाईमाणसाला चाकाचा पाना झेपेल का. पुढे नऊ वर्षं मॅडम त्याच्याशी हसून वागल्या, त्याच्या मुलीच्या लग्नात आहेरही केला. मग एक दिवस त्याने आपली स्कूटर विभागात आणली आणि जरा बघता का म्हणाला. मॅडमनी ती वर्गापुढे घेतली आणि शेवटच्या वॉशरपर्यंत खोलली. प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, सगळं पांढऱ्या चादरीवर मांडलं आणि सबंध सहामाही त्यावर शिकवलं. स्टोअरकीपर रोज बसने यायचा आणि जाता-येता दारातून आपल्या स्कूटरकडे बघायचा. सहामाही संपल्यावर मॅडमनी ती अशी सुरेख जोडून दिली की त्याला तक्रारीलाही जागा उरली नाही. देताना एवढंच म्हणाल्या की पाना झेपला बरं का मला.

ही गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांचं शिकवण्यातलं एक वाक्य होतं, आधी हाताने, मग पान्याने. नट आधी बोटांनी फिरवायचा, तो सरळ बसला की मगच पाना लावायचा. घाईने पाना लावला की आटे जातात. हे त्या मुलांना नटाबद्दल सांगत आणि मला माणसांबद्दल.

निकमसाहेबांचं प्रकरण सुरू झालं श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी. त्या दिवशी त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते आणि नाशकातल्या रिक्षा, जीपा सगळ्या त्या बाजूला लागलेल्या असतात. दुपारी दीडच्या सुमाराला भाऊसाहेबांच्या छातीत कळ आली आणि ते घामाने भिजले. रुग्णवाहिकेला फोन केला तर गाड्या यात्रेच्या रस्त्यावर आहेत, वेळ लागेल असं कळलं. गल्लीत चारचाकी एकच होती, निकमसाहेबांची पांढरी, जुनी, पण जिवापाड जपलेली. मॅडम त्यांच्या फाटकाशी गेल्या. निकमसाहेब बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, पुढचा शॉकअप गेलाय हो. गाडी जागची हलत नाही."

शॉकअप म्हणजे पुढच्या चाकावर उभा असतो तो दांडा, भोवती जाड स्प्रिंग असते, गाडीचे धक्के तो झेलतो. हे खोटं निकमसाहेबांनी कुणापुढे बोलावं, तर जिने बावीस वर्षं तेच शिकवलं तिच्यापुढे. मॅडमनी गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला, दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकअप गेला असता तर ती डुलत राहिली असती. मॅडमनी निकमसाहेबांकडे पाहिलं आणि त्या मोठ्या रस्त्याकडे धावल्या. वाद घालायला वेळ नव्हता, असं त्या मला नंतर म्हणाल्या. रिक्षा मिळायला पन्नास मिनिटं गेली. भाऊसाहेब दवाखान्यात पोचले, आणि दिवेलागणीच्या आत गेले.

चार वाजता ती जागची न हलणारी गाडी निकमसाहेब, त्यांची बायको आणि पूजेचं ताट घेऊन त्र्यंबककडे गेली. माझ्या सासूबाईंनी ओट्यावरून पाहिली, समोरच्या दोन घरांनीही पाहिली. त्यांच्या अभिषेकाची वेळ ठरलेली होती. गाडीत कुणाचं काही बरंवाईट झालं असतं तर तीच गाडी घेऊन देवाच्या दारात कसं जायचं, असं त्यांना वाटलं, हे निकमबाईंनीच मला पुढे रडत रडत सांगितलं. मी ऐकून घेतलं, पण मला दया आली नाही. आजही येत नाही. देवाला शिवाशिव होऊ नये म्हणून माणूस मरू देणाऱ्याच्या अभिषेकाचं पुढे काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

मॅडमनी आरडाओरडा केला नाही, कुणाकडे तक्रार केली नाही. निकमसाहेब तेराव्याला आले तेव्हा त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्या दिवसापासून अबोला. पहिले काही दिवस गल्लीला वाटलं, दुःखातली बाई आहे, निवळेल. वर्ष गेलं तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं. निकमबाईंशी मात्र त्या पूर्वीसारख्याच बोलत, कोथिंबीर देत, घेत. निकमसाहेबांचं नावही त्यांनी टाकलं. त्यांना त्या शेजार म्हणत. शेजाराला सांग टाकी वाहतेय, शेजाराला सांग त्याच्या गाडीने माझ्या फाटकाला घासलंय. हे निरोप मी पोचवायचे. निकमसाहेब चार हातांवर उभे असायचे, ऐकलेलं असायचं, तरी मी वळून सांगायची आणि ते माझ्याकडे बघून मॅडमना उत्तर द्यायचे. पहिल्यांदा मला हसू यायचं. नंतर मी ते काम मन लावून करायला लागले.

दर संक्रांतीला निकमसाहेब तिळगूळ घेऊन मॅडमच्या दारात यायचे. तिळगूळ घ्या, गोड बोला, एवढं म्हणायचे आणि थांबायचे. संक्रांतीचा तिळगूळ नाकारता येत नाही, त्यामुळे त्यांना वाटायचं की यंदा तरी काम होईल. मॅडम हात पुढे करून लाडू घ्यायच्या. तोंडात टाकायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. आत जाऊन तो एका काचेच्या बरणीत ठेवायच्या. बरणी खिडकीत, निकमसाहेब फाटक उघडताना समोर दिसेल अशी. पाच संक्रांतींचे पाच लाडू झाले होते, खालचा पार काळवंडला होता. निकमबाईंनी मला एकदा विचारलं, ती बरणी आत नाही का ठेवता येणार. मी तो निरोप पोचवलाच नाही.

सहाव्या वर्षी निकमसाहेबांच्या गाडीचा शॉकअप खरंच गेला. गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आहे, त्यातून गाडी आली की पुढून खडखड असा आवाज यायचा. मॅडमनी तो स्वयंपाकघरातून ऐकला. डावा गेला, तेल गळत असणार, असं म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी शिरा केला. मलाही वाटीभर दिला.

निकमसाहेब तोवर निवृत्त झाले होते. गॅरेजवाले एकजात खोटं बोलतात, चांगला भाग गेलाय म्हणून सांगतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी नवीन शॉकअप आणला आणि मोबाइलवर बघून घरीच बदलायचं ठरवलं. रविवारी सकाळी त्यांनी अंगणात हत्यारं मांडली. मॅडमनी मला हाक मारली, आपल्या ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या आणि चहा आणला. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं.

तो तास-दोन तासांचा वेळ आम्ही दोघींनी फार मजेत घालवला, हे मला कबूल केलं पाहिजे. निकमसाहेबांनी गाडी जॅकवर उचलली पण खाली आधार दिला नाही, मागच्या चाकांना विटा लावायला विसरले. चाक वर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नट आधी ढिले करायचे असतात. मग गाडी परत खाली. गंजलेल्या बोल्टांवर त्यांनी स्वयंपाकघरातलं खोबरेल ओतलं. मॅडम प्रत्येक चूक मला हलक्या आवाजात समजावून सांगत होत्या, अगदी वर्गात सांगावी तशी. सांगायचं का त्यांना, असं मी एकदा विचारलं. सहा वर्षं बोलले नाही, आज विटांसाठी कशाला बोलू, म्हणाल्या.

शेवटी निकमसाहेबांनी तो दांडा स्प्रिंगसकट गाडीतून काढला. विजयी मुद्रेने पाटावर बसले, दांडा दोन गुडघ्यांत उभा धरला आणि त्याच्या डोक्यावरच्या मोठ्या नटाला पाना लावून पिळायला लागले. मॅडमचा कप बशीत टेकला.

"स्प्रिंग दाबलेली आहे," त्या म्हणाल्या. "आधी शिकंज्यात आवळायची असते. नट सुटला की ती उडेल. त्याची हनुवटी बरोबर वर आहे."

मी उठले. मॅडमनी माझं मनगट धरलं. त्या हातात बावीस वर्षांची ताकद होती, मला ते सोडवता आलं नसतं. पण मी फार जोरही लावला नाही. तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं की उडू दे. माझ्या डोळ्यांपुढे भाऊसाहेब शेंगांच्या जुड्या बांधत होते. पाना फिरत होता आणि मॅडमचे ओठ हलत होते, त्या आटे मोजत होत्या. मग त्यांनी माझं मनगट सोडलं, चपला घातल्या आणि फाटकातून निकमसाहेबांच्या अंगणात गेल्या.

"निकम, हात थांबवा."

सहा वर्षांनी आपल्या नावाने आलेली ती हाक ऐकून निकमसाहेब असे दचकले की पाना हातातून पडला. मॅडमनी त्यांना सांगितलं की नट शेवटच्या आट्यावर आला आहे. आता दोन्ही हातांनी स्प्रिंगवरची लोखंडी ताटली दाबून धरा, मान मागे घ्या आणि हलू नका, हललात तर स्प्रिंग तोंडात येईल. निकमसाहेबांनी तो दांडा मिठीत घ्यावा तसा धरला. घामाचे थेंब त्यांच्या नाकावरून खाली पडत होते. निकमबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि तिथेच थिजल्या. समोरची माणसं फाटकाशी जमली. मी शिकंजे घेऊन येते, असं सांगून मॅडम आपल्या घरात गेल्या.

मी त्यांच्यामागे धावत गेले. मॅडम स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होत्या. दोन्ही कप विसळून, पुसून त्यांनी फळीवर ठेवले.

"मॅडम, तो तिकडे मरतोय."

"काही होत नाही. पाच आटे आहेत अजून. पाच आट्यांवर तो दुपारपर्यंत बसला तरी चालेल."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"शॉकअपवरून खोटं बोलायला मी सुरुवात नाही केली," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बशीही पुसली.

त्या पाऊण तासाने, म्हणजे मला पाऊण तास वाटला, खरं तर पंधरा मिनिटांनी, कापडी पिशवीत शिकंजे घेऊन परत गेल्या. निकमसाहेब अजून दांडा तसाच मिठीत धरून बसले होते. मॅडम त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. पिशवी शेजारी ठेवली, उघडली नाही.

"आता सांगा. त्या सोमवारी शॉकअप गेला होता का?"

निकमसाहेब आधी हे काढा म्हणाले. मॅडमनी तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. निकमसाहेबांनी बायकोकडे पाहिलं, मग फाटकाशी जमलेल्या माणसांकडे.

"नव्हता," ते म्हणाले.

"त्यांना ऐकू आलं नाही."

"नव्हता गेला. गाडी चांगली होती."

निकमबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. निकमसाहेब पूजेचं काहीतरी सांगायला लागले, तर मॅडम म्हणाल्या की ते मी विचारलेलं नाही. मग त्यांनी पिशवी उघडली. स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी शिकंजे लावले, आळीपाळीने आवळले, नट काढला, स्प्रिंग नव्या दांड्यावर चढवली. गाडीखाली आधार दिला, चाकांना विटा लावल्या. प्रत्येक नट आधी बोटांनी बसवला. दीड तासात काम झालं. मॅडम मागतील ते हत्यार निकमसाहेब हातात देत होते. आम्ही सगळे बघत उभे होतो आणि मला इतकं समाधान वाटत होतं की शाळेत कधी बक्षीस मिळाल्यावरही वाटलं नसेल. गल्लीने ऐकलं होतं. आता तो माणूस मान वर करून फिरणार नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही घोटीला राहायला गेलो, आणि मॅडम घर विकून भावाकडे सटाण्याला. पुढे भेट झाली नाही. त्यामुळे मॅडम म्हटलं की मला त्या दुपारच्याच दिसतात.

चाक बसवून झाल्यावर त्या म्हणाल्या की आता चालवून बघावी लागेल. कुणी न सांगता त्या पुढचं दार उघडून निकमसाहेबांच्या शेजारी बसल्या, हात तसेच काळे. कुठे नेऊ, असं निकमसाहेबांनी विचारलेलं मला ऐकू आलं. शहराकडे, सरळ, एवढंच मॅडम म्हणाल्या. खड्ड्यातून गाडी गेली, आवाज आला नाही. त्या ताठ बसल्या होत्या आणि मनगटावरचं घड्याळ त्यांनी डोळ्यांसमोर धरलं होतं.

अर्ध्या तासाने गाडी परत आली. निकमसाहेबांनी ती बंद केली, पण ते उतरले नाहीत, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. मॅडम उतरल्या, दार हळूच लावलं आणि आपल्या पायरीपाशी आल्या. मी विचारलं, येतो का आवाज? त्यांनी नाही अशी मान हलवली. मी विचारलं, कुठवर गेला होता?

"दवाखान्याच्या दारापर्यंत. अकरा मिनिटं लागली, वर्षा." त्यांनी भिंतीला हात टेकला. "मला वाटलं होतं, पाऊण तास तरी लागेल. मग गाडी दिली असती तरी उपयोग नव्हता, असं म्हणता आलं असतं गं."

आणि त्या पायरीवर खाली बसल्या.